गाठ साधी की कर्करोगाची? ऑपरेशन टेबलावरच मिळणारे उत्तर

पोटातल्या गाठीचे ऑपरेशन ठरले की घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर, गाठ साधीच आहे ना?’’ गाठ बीजांडकोशाची, म्हणजे ओव्हरीची असेल तर प्रामाणिक डॉक्टर बहुधा एवढेच सांगतात, ‘‘साधी वाटते, पण काढून तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.’’ या उत्तराने नातेवाइकांचे समाधान होत नाही. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झाले, काहींचे तर सी.टी. स्कॅनही झालेले असते. एवढा खर्च करूनही डॉक्टरांना खात्री कशी नाही, असे त्यांना वाटते.

डॉक्टरांची ही अडचण खरी आहे. तिच्यावर एक उपायही आहे. ऑपरेशन चालू असताना, रुग्ण भुलीखाली असतानाच, काढलेल्या गाठीतील पेशी काचपट्टीवर घेऊन पाच-दहा मिनिटांत तपासता येतात. या तपासणीला इम्प्रिंट सायटॉलॉजी म्हणतात. मराठीत तिला ‘पेशींच्या ठशाची तपासणी’ म्हणता येईल. तिला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो चांगला सूक्ष्मदर्शक, थोडा रंग आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट. ही तपासणी काय आहे, तिच्यावर किती विसंबावे आणि ऑपरेशनपूर्वी आपण काय विचारावे, ते आज पाहू.

बीजांडकोशाच्या गाठी : एक घर, अनेक बिऱ्हाडे

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक बीजांडकोश असतो. अवयव लहान, पण त्यात जितक्या प्रकारच्या गाठी होतात, तितक्या शरीरातल्या फार थोड्या अवयवांत होत असतील. पाण्याने भरलेल्या साध्या पिशव्या असतात, चिकट बुळबुळीत द्रवाने भरलेल्या आणि कित्येक किलो वजनाच्या होणाऱ्या गाठी असतात. डरमॉइड नावाच्या गाठीत तर केस, चरबी आणि कधी कधी चक्क दात सापडतात. असा ‘गोळा’ पाहून जुन्या काळी लोक करणी, भानामती असे काहीबाही बोलत. वास्तविक ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. कोणताही अवयव बनवण्याची क्षमता असलेल्या बीजपेशींपासून ती तयार होते, एवढाच त्याचा अर्थ.

याखेरीज कर्करोगाच्या गाठी असतात, त्याही नाना प्रकारच्या. काही बीजांडकोशाच्या आवरणाशी संबंधित पेशींपासून, काही बीजपेशींपासून, तर काही संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून होतात. जठराचा किंवा आतड्याचा कर्करोग पसरून बीजांडकोशात गाठ झाल्याचेही आढळते. म्हणजे गाठ इथे, पण मूळ दुसरीकडे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी भारतात बीजांडकोशाच्या कर्करोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर या रोगाचा क्रमांक लागतो.

आधीच का कळत नाही?

गळ्यातली किंवा स्तनातली गाठ असेल तर बारीक सुई घालून पेशी काढता येतात आणि ऑपरेशनपूर्वीच निदान होते. मग बीजांडकोशाच्या गाठीत सुई का घालत नाहीत? कारण ही गाठ पोटाच्या पोकळीत मोकळी लटकलेली असते. ती कर्करोगाची असली आणि सुईने टोचल्यावर तिच्यातला द्रव पोटात सांडला, तर पेशी इतरत्र रुजण्याचा धोका असतो. वैद्यकशास्त्राच्या वर्गवारीत असा सांडलेला रोग पहिल्याच टप्प्यात, पण ‘ए’ पायरीवरून ‘सी’ पायरीवर जातो. मग एरवी कदाचित न लागणारी केमोथेरपी घ्यावी लागू शकते. म्हणून जी गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी दिसते, ती शक्यतो न फोडता अख्खी काढावी असा नियम आहे.

सोनोग्राफीत गाठीतला भरीव भाग, जाड पडदे, आत वाढलेले कोंब, पोटातले पाणी यांवरून संशय घेता येतो. पण संशय आणि निदान यांत अंतर असते. रक्तातील सी.ए. १२५ या तपासणीचेही तसेच आहे. तिची नेहमीची मर्यादा ३५ युनिट धरतात. मात्र पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयात, इतकेच काय गरोदरपणातही हा आकडा वाढतो. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात तो नेहमीसारखा राहू शकतो. त्यामुळे केवळ हा आकडा पाहून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये.

टेबलावर दोन वाटा

आता दोन उदाहरणे कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. पंचवीस वर्षांची, नुकतेच लग्न झालेली एक मुलगी आहे. तिच्या एका बीजांडकोशात नारळाएवढी गाठ आहे. गाठ साधी असेल तर तेवढी गाठ किंवा फार तर तो एक बीजांडकोश काढून पोट बंद करायचे. दुसरा बीजांडकोश आणि गर्भाशय शाबूत राहतात. तिला पुढे मूल होऊ शकते.

दुसऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाई आहेत. पाळी जाऊन पाच वर्षे झाली आहेत. त्यांची गाठ कर्करोगाची निघाली तर नुसती गाठ काढून भागत नाही. गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढावे लागतात. पोटातले पाणी तपासायला घ्यावे लागते. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा काढावा लागतो. पोटाच्या अस्तराचे ठिकठिकाणचे तुकडे आणि गरजेप्रमाणे रसग्रंथीही तपासाव्या लागतात. रोग कुठवर पोचला हे त्यावरून ठरते आणि पुढचे उपचारही त्यावरच अवलंबून असतात.

या बाईंची गाठ साधी समजून पोट शिवले आणि आठवड्याने रिपोर्ट कर्करोगाचा आला, तर पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च. त्यात मधला काळ वाया जातो तो वेगळाच. उलट, त्या पंचवीस वर्षांच्या मुलीची गाठ केवळ संशयावरून कर्करोगाची धरून सर्व काही काढून टाकले आणि मागाहून ती साधी निघाली, तर काढलेले परत बसवता येत नाही. तरुण मुलींत होणारे बीजपेशींचे बरेचसे कर्करोग तर केमोथेरपीने बरे होण्यासारखे असतात. त्यांतही दुसरा बीजांडकोश आणि गर्भाशय पुष्कळदा राखता येतात. म्हणून गाठ साधी आहे की नाही, एवढेच नव्हे तर ती कोणत्या जातीची आहे, हेही सर्जनला टेबलावरच कळले तर फार उपयोग होतो.

गोठवलेला तुकडा आणि काचेवरचा ठसा

ऑपरेशन चालू असताना निदान करण्याची अधिक परिचित पद्धत म्हणजे फ्रोझन सेक्शन. १९०५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी ती रुळवली. रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही ते सांगता येईल का, अशी तिथल्या सर्जनची मागणी होती. मिनेसोटाचा हिवाळा हाडे गोठवणारा. विल्सन यांनी गाठीचे तुकडे खिडकीबाहेरच्या थंडीत गोठवले, त्यांचे पातळ काप केले आणि मेथिलिन ब्ल्यू या निळ्या रंगाने रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आज हेच काम क्रायोस्टॅट नावाचे यंत्र उणे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास करते. उत्तर साधारण वीस मिनिटांत मिळते. पण या यंत्राची किंमत लाखांत असते आणि त्याला अखंड वीज, देखभाल व कुशल तंत्रज्ञ लागतात. त्यामुळे ही सोय बहुतेक करून मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच दिसते.

ठशाची पद्धत लंडनमध्ये पुढे आली. डजन आणि पॅट्रिक या दोघा डॉक्टरांनी १९२७ मध्ये २०० गाठींची अशा प्रकारे तपासणी करून तिची माहिती प्रसिद्ध केली. कृती अशी : सर्जनने काढलेली गाठ ताजी असतानाच पॅथॉलॉजिस्टकडे येते. तो ती आधी डोळ्यांनी आणि हातांनी नीट पाहतो. आवरण फाटले आहे का, आत कोंब आहेत का, भरीव भाग कुठे आहे, कुठे रक्तस्राव झाला आहे, याची नोंद घेतो. मग गाठ कापून कापलेल्या भागावरचे रक्त हलकेच टिपून घेतो. स्वच्छ काचपट्टी त्या भागावर अलगद टेकवतो आणि उचलतो. घासायची नाही, शिक्का उठवावा तसे. पेशी काचेला चिकटून येतात. गाठ घट्ट आणि तंतुमय असेल तर पेशी सहज सुटत नाहीत. तेव्हा ब्लेडच्या धारेने पृष्ठभाग हलका खरवडून ते काचेवर पसरतात. त्याला स्क्रेप सायटॉलॉजी म्हणतात.

काचपट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. मग टोल्युडिन ब्ल्यू किंवा दुसऱ्या झटपट रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. एका गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून असे अनेक ठसे घेतात. हे सारे पाच ते दहा मिनिटांत उरकते. आणखी एक फायदा असा की गाठ जशीच्या तशी राहते. गोठवताना पेशींत बर्फाचे कण होऊन त्यांचा आकार बिघडतो, तसे इथे होत नाही. नंतरच्या सविस्तर तपासणीसाठी सगळा नमुना शिल्लक राहतो.

काचेवर काय दिसते?

साध्या गाठीतल्या पेशी शिस्तीत असतात. एकसारख्या आकाराच्या, शेजारी शेजारी मांडलेल्या. मधमाशांच्या पोळ्याची आठवण व्हावी अशा. कर्करोगाच्या पेशींत ही शिस्त मोडलेली असते. केंद्रके मोठी, गडद, वेडीवाकडी दिसतात. पेशी एकमेकींवर चढलेल्या किंवा सुट्या विखुरलेल्या असतात.

काही गाठींची तर स्वतंत्र ओळखच असते. डरमॉइडच्या ठशात त्वचेचे पापुद्रे, चरबी, केसांचे तुकडे दिसतात. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर या संप्रेरके तयार करणाऱ्या गाठीत पेशींच्या केंद्रकावर मधोमध खाच असते आणि ते कॉफीच्या बीसारखे दिसते. डिसजर्मिनोमा हा तरुण मुलींत होणारा कर्करोग. त्याच्या ठशात मोठ्या पेशींमागे वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी पार्श्वभूमी उमटते. जठरातून पसरलेल्या कर्करोगाच्या काही पेशींत केंद्रक एका कडेला ढकललेले असते, त्यामुळे पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. असे दिसले की पॅथॉलॉजिस्ट सर्जनला सांगतो, ‘‘जठर आणि आतडी हाताने चाचपून पाहा, मूळ रोग तिथे असू शकेल.’’ पोट उघडे असतानाच मिळालेली ही सूचना फार मोलाची ठरते.

कर्करोगाचे सोंग घेणारा क्षय

आपल्याकडे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी. पोटाचा क्षय कित्येकदा हुबेहूब बीजांडकोशाच्या कर्करोगासारखा दिसतो. पोटात पाणी, वजन घटलेले, सोनोग्राफीत गोळा, सी.ए. १२५ वाढलेले. पोट उघडल्यावर अस्तरावर सर्वत्र दाणे दिसतात, ते कर्करोग पसरल्यासारखेच. अशा वेळी एका दाण्याचा ठसा घेतला आणि त्यात कर्करोगाच्या पेशींऐवजी क्षयाच्या गाठींत आढळणाऱ्या लांबट पेशींचे पुंजके दिसले, तर सर्जन तिथेच थांबू शकतो. तपासणीसाठी तुकडे घेऊन पोट बंद करतात. क्षयाचे निदान पक्के झाल्यावर सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बाई बरी होते. ही औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. एका ठशामुळे बाईचे गर्भाशय आणि बीजांडकोश वाचू शकतात, ते असे.

कितपत भरवसा ठेवावा?

भारतातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी बीजांडकोशाच्या गाठींच्या ठशांचे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. गाठ साधी की कर्करोगाची, या प्रश्नाचे ठशावरून दिलेले उत्तर दहापैकी साधारण नऊ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा बरोबर येते, असा त्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे पद्धत चांगली आहे. पण शंभर टक्के नाही.

तिची मुख्य अडचण सीमारेषेवरच्या, म्हणजे बॉर्डरलाइन गाठींत येते. या गाठी ना पुरत्या साध्या, ना पुरत्या कर्करोगाच्या. गाठीच्या पेशी आजूबाजूच्या भागात घुसल्या आहेत की नाहीत, यावर त्यांचे निदान ठरते. ठशात सुट्या पेशी दिसतात, त्यांची मूळ मांडणी दिसत नाही. त्यामुळे घुसखोरी ओळखता येत नाही. या गाठी फ्रोझन सेक्शनलाही चकवतात. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये फ्रोझन सेक्शनच्या ३८ अभ्यासांतील ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. फ्रोझन सेक्शनने कर्करोग म्हटले तेव्हा ते निदान सरासरी ९९ टक्के आणि साधी गाठ म्हटले तेव्हा ९४ टक्के वेळा पुढेही कायम राहिले. सीमारेषेवरची म्हटलेल्या गाठींपैकी मात्र शंभरात सुमारे २१ शेवटी कर्करोगाच्या निघाल्या.

चिकट द्रवाच्या फार मोठ्या गाठींचेही असेच आहे. एकाच गाठीचा एक कोपरा साधा आणि दुसरा कर्करोगाचा असू शकतो. ठसा चुकीच्या कोपऱ्याचा घेतला तर उत्तर चुकते. म्हणून ठसा कुठून घ्यावा हे समजणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने स्वतः गाठ हाताळणे आवश्यक असते. जिथे क्रायोस्टॅट आहे तिथे ठसा आणि फ्रोझन सेक्शन दोन्ही करतात. एकाची उणीव दुसरे भरून काढते. जिथे क्रायोस्टॅट नाही तिथे ठसा एकटाही पुष्कळ मदत करतो.

ऑपरेशनपूर्वी हे जरूर विचारा

तालुक्याच्या गावी क्रायोस्टॅट नसेल. पण पॅथॉलॉजिस्ट आज बऱ्याच ठिकाणी आहेत. अडचण अशी की ऑपरेशनच्या वेळी त्यांना बोलावण्याची पद्धत सगळीकडे नाही. ऑपरेशन ठरलेले असते, तारीख माहीत असते. आदल्या दिवशी एक निरोप गेला तर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शक आणि रंग घेऊन हजर राहू शकतो. म्हणून बीजांडकोशाच्या गाठीचे ऑपरेशन ठरले असेल तर डॉक्टरांना पुढील गोष्टी विचाराव्यात. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

(१) सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीवरून कर्करोगाचा संशय कितपत आहे? संशय दाट असेल तर कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या केंद्रातच ऑपरेशन करून घेणे हिताचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तिची चौकशी आधीच करावी.

(२) ऑपरेशनच्या वेळी पॅथॉलॉजिस्ट हजर राहणार आहे का? ठसा किंवा फ्रोझन सेक्शन यांपैकी काय होऊ शकते?

(३) गाठ साधी निघाली तर काय काढणार आणि कर्करोगाची निघाली तर काय काढणार? दोन्ही शक्यतांवर आधीच बोलून घ्यावे आणि संमतीपत्रावर त्याप्रमाणे लिहून घ्यावे. पुढे मूल हवे आहे का, हे ज्या स्त्रीचे ऑपरेशन आहे तिने स्वतः डॉक्टरांना सांगावे. ती भुलीखाली असताना थिएटरच्या दाराशी तिच्या नवऱ्याला किंवा सासूबाईंना घाईघाईने विचारण्याची पाळी येऊ नये.

(४) गाठ न फोडता काढता येईल का? दुर्बिणीतून ऑपरेशन होणार असेल तर गाठ बंद पिशवीत घालून बाहेर काढणार का?

शेवटचा रिपोर्ट विसरू नका

टेबलावर मिळालेले उत्तर हे तात्पुरते निदान असते. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, तिचे अनेक भाग मेणात बसवून, पातळ काप करून जी तपासणी होते, तीच अंतिम. तिला काही दिवस लागतात. ऑपरेशननंतर गाठ ट्रेमध्ये नातेवाइकांना दाखवतात आणि पुष्कळ ठिकाणी बाटलीत घालून लॅबोरेटरीत नेऊन देण्यासाठी त्यांच्याच हाती सोपवतात. ‘साधीच दिसतेय’ म्हणून ती बाटली घरी तशीच पडून राहते, किंवा खर्च वाचवण्यासाठी टाकून दिली जाते. असे कदापि करू नये. डोळ्यांना साधी दिसणारी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी निघू शकते. आणखी असे की मोठी गाठ लहान बरणीत कोंबली आणि औषध अपुरे पडले तर ती आतून सडते. मग तिच्यावरून निदान करणे कठीण होते. गाठीच्या साधारण दहापट फॉर्मॅलिन असावे, असा दंडक आहे. म्हणून बाटली हाती आली की ती त्याच दिवशी लॅबोरेटरीत पोचवावी. रिपोर्ट स्वतः जाऊन आणावा, डॉक्टरांना दाखवावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

जाता जाता एक सांगायचे. बीजांडकोशाच्या कर्करोगाची लक्षणे सुरुवातीला अगदी किरकोळ वाटतात. पोट फुगल्यासारखे राहणे, दोन घास खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात सतत दुखणे, वारंवार लघवीला लागणे. गॅसेस झाले असतील म्हणून बायका ओवा खातात आणि महिनोन्महिने दिवस ढकलतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केली जाणारी पॅप तपासणी या रोगासाठी उपयोगी नाही. ती चांगली आली म्हणून बीजांडकोशही ठीक आहे असे समजू नये. विशेषतः चाळिशी उलटलेल्या किंवा पाळी गेलेल्या वाचक भगिनींना अशी नवी तक्रार दोन-तीन आठवडे सतत जाणवत असेल, किंवा घरात आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला असेल, तर त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ लहान असताना सापडली तर पुढचे सगळेच निर्णय सोपे होतात.